भिंगराव आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं

गल्लीत त्याला सगळे भिंगराव म्हणत. हे नाव शेजारच्या न्हाव्यानं ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की दुकानाच्या पाटीवरचं खरं नाव वाचायचे कष्ट पुढे कुणी घेतले नाहीत. चष्म्याचं दुकान होतं त्याचं. दोन्ही भिंतींना आरसे, मधे काचेचं टेबल, मागे पडदा आणि पडद्याआड डोळे तपासायची अंधारी खोली. गिऱ्हाईक आत शिरलं की भिंगराव त्याच्या तोंडाकडे बघायचा नाही. तो बघायचा डोळ्यांच्या खाली, गालाच्या वर, तिथल्या बोटभर जागेकडे.

"काय हो, झोपता की राखण करता?" हा त्याचा नमस्कार.

गिऱ्हाईक ओशाळून हसायचं. बायका पदर किंवा रुमाल डोळ्यांना लावायच्या. पुरुष उगाचच आरशात बघून म्हणायचे, "हल्ली काम फार आहे." भिंगरावला हे फार आवडे. आपल्याला माणसं वाचता येतात, असा त्याचा समज होता. खरं तर त्याला माणसांचा एवढाच बोटभर भाग वाचता येत होता आणि तोही चुकीचा. पण असा समज एकदा झाला की तो घालवायला चष्म्याचा उपयोग होत नाही.

काळी वर्तुळं असलेल्या माणसांबद्दल त्याला मनापासून तुच्छता वाटे. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांखाली काही नव्हतं. चांगली फुगीर, गुळगुळीत, गोरटेली कातडी होती. तो ती भिंगातून गिऱ्हाइकांना दाखवायचा. "बघा, आहे काही? हे लोणी-बिणी फासून आलेलं नाही. नियमित माणसाची खूण आहे ही." कुणी मलमाचं नाव काढलं की म्हणायचा, "भिंतीला ओल आली की वरून चुना मारून जाते काय?" कुणी काकडीच्या चकत्यांचं बोललं की म्हणायचा, "काकडी खायची वस्तू आहे हो, नेसायची नव्हे."

आणि एवढं बोलून झालं की तो स्वतः वरून चुना मारायचा. त्याची एक खास युक्ती होती. फ्रेम निवडताना तो नाकाचा, कानाचा विचार करायचाच नाही. फ्रेमची खालची कड बरोबर काळ्या वर्तुळावर बसते की नाही, एवढंच बघायचा. जाड, गडद कडेची फ्रेम असली की खालचं काळं आणि कडेचं काळं एकमेकांत मिसळून जायचं. गिऱ्हाईक आरशात बघून खूश व्हायचं. "दहा मलमं एकीकडे आणि माझी खालची कड एकीकडे," असं तो म्हणायचा. ज्यांचा नंबर शून्य त्यांनाही तो साध्या काचा घालून फ्रेमा द्यायचा. गावातल्या निम्म्या थकलेल्या लोकांनी त्याच्याकडून असा चष्मा नेला असेल. ते थकलेलेच राहिले, फक्त आता विद्वान दिसू लागले.

गावभरच्या डोळ्यांखाली भिंग धरणाऱ्या या माणसाच्या घरात, त्याच्या शेजारच्या उशीवर, सगळ्यात काळी वर्तुळं होती. ती त्याच्या बायकोची.

बायको एका मोठ्या दवाखान्यात कामाला होती. तिथे आतल्या एका खोलीत बसून ती फोन घ्यायची. खोलीला खिडकी नव्हती. एका बाजूला धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला मोडक्या खुर्च्या आणि मधे ती आणि फोन. आवाज गोड, स्वभाव शांत, काम चोख. दवाखान्यात शिरल्याबरोबर समोर जी चौकशीची खिडकी होती, तिथली बाई आता निवृत्त होणार होती. तिथल्या खुर्चीला पाठ होती, हात टेकायला दांडे होते, बाजूला मोठी खिडकी होती आणि खिडकीबाहेर एक झाड होतं. बायकोला ती खुर्ची हवी होती. आयुष्यात तिनं फारसं काही मागितलं नव्हतं, पण ही खुर्ची तिला हवी होती.

तिनं मॅनेजरला तसं सांगितलं. मॅनेजर म्हणजे शिट्टीसारखा माणूस. आत पोकळ म्हणूनच मोठ्यानं वाजणारा. तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तुमचं काम चांगलं आहे हो. पण समोर बसलेल्या माणसाकडे बघून पेशंटला वाटलं पाहिजे की इथे लोक बरे होतात. तुमच्याकडे बघून वाटतं की तुम्हीच नंबर लावून बसलात."



"हे डोळ्यांखालचं बघा काहीतरी," तो उदार होऊन म्हणाला. "महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे. नाहीतर औषधांच्या खिडकीवरची ती मुलगी आहेच."

संध्याकाळी तिनं हे नवऱ्याला सांगितलं. भिंगरावनं खिशातून भिंग काढलं, तिचा चेहरा दिव्याकडे वळवला आणि गिऱ्हाइकासारखी तिची तपासणी केली.

"तुमच्या घराण्याची खोड आहे ही," तो म्हणाला. "तुझ्या आईलाही होतं."

"आईला म्हातारपणी आलं. मला लग्नानंतर आलं."

"मग नंबर वाढला असेल."

"नंबर नाही वाढला. अहो, मला झोप मिळत नाही."

"मिळत कशी नाही? ढाराढूर झोपलेली असतेस."

"तुम्ही कधी बघितलंत? तुम्ही घोरत असता."

"मी?" भिंगरावनं भिंग मिटलं. "मी घोरत नाही."

"वरच्या मजल्यावरचे आजोबा परवा विचारत होते, तुमच्याकडे सुताराचं काम चाललंय का."

"हे बघ, मी घोरत असतो तर मला ऐकू आलं नसतं? माझे कान तुझ्यापेक्षा तिखट आहेत."

लग्न झाल्यापासून हे संभाषण असंच सुरू होत होतं आणि इथेच येऊन संपत होतं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती!

भिंगराव घोरायचा म्हणजे कुणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढत नेतंय असा आवाज यायचा. पण बायकोची झोप त्या आवाजानं जात नव्हती. आवाजाची माणसाला सवय होते. रेल्वेच्या रुळाशेजारी राहणारेही झोपतातच. तिची झोप जायची ती कपाट मधेच थांबलं की. आवाज एकाएकी बंद व्हायचा, श्वासही बंद व्हायचा. ती अंधारात उठून बसायची, त्याच्या नाकाशी हात धरायची. मग तो पाण्यातून वर आल्यासारखा जोरात श्वास घ्यायचा आणि कपाट पुन्हा चालू लागायचं. तेवढ्यात तिची झोप कुठल्या कुठे गेलेली असायची. सकाळी हा तुळतुळीत चेहऱ्यानं उठून म्हणायचा, "काय छान झोप लागली!"

तरी तिनं उपाय सुरू केले. डोळे चोळायची सवय सोडली. रात्रीच्या जेवणात मीठ कमी केलं, उशी उंच घेतली, पाणी भरपूर प्यायला लागली, उन्हात जाताना छत्री घेऊ लागली. फ्रीजमध्ये चमचे ठेवून सकाळी ते गार चमचे डोळ्यांखाली धरू लागली. त्यानं सकाळची सूज थोडी उतरायची, पण दुपारपर्यंत काळं पुन्हा जागेवर. कच्च्या बटाट्याच्या चकत्या झाल्या, चहाच्या गार पिशव्या झाल्या, औषधाच्या दुकानातलं एक मलमही झालं.

भिंगराव हे सगळं बघून तोंड वाकडं करायचा. "आपल्या घरात भाजीला लागत नाहीत एवढे बटाटे डोळ्यांना लागतात," तो न्हाव्याला सांगायचा. "फ्रीज उघडावा तर चमचेच चमचे."

"आणि वहिनींना झोप?" न्हावी विचारायचा.

"बायकांची झोप कुठे मोजत बसता!"

मग एकदा तिनं दवाखान्यातल्याच एका डॉक्टरांना गाठून रक्त तपासून घेतलं. रक्त चांगलं होतं. डॉक्टर म्हणाले, "थोडं काळं आईकडून आलंय, ते राहील. बाकीचं झोपेचं आहे. सलग झोपा." तिनं घरी येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"डॉक्टरला काय कळतंय?" भिंगराव म्हणाला. "त्याच्याच डोळ्यांखाली दोन पोती लोंबतायत. उद्या दुकानात ये. घरात वैद्य असून बाहेर औषध शोधतेस."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. भिंगरावनं तिला काचेच्या टेबलासमोर बसवलं आणि खालच्या खणातून एक फ्रेम काढली. अशी फ्रेम त्यानं आजवर कुणाला दिली नव्हती. खालची कड बोटाएवढी जाड आणि वर गडद तपकिरी रंगाच्या काचा. कडेतून जे सुटेल ते रंगात बुडेल, असा त्याचा हिशेब होता. तिच्या नाकावर ती चढवून तो मागे सरकला आणि टाळी वाजवून म्हणाला, "गेली! बघ आरशात. कुठे आहेत वर्तुळं?"

बायकोनं आरशात बघितलं. वर्तुळं गेली होती. डोळेही गेले होते. दोन तपकिरी खिडक्यांच्या खाली एक नाक तेवढं उरलं होतं.

न्हावी दारात उभा होता. "वहिनी, कुणाला पकडायला निघालात?" त्यानं विचारलं.

"अहो, हे बरं दिसत नाही," ती म्हणाली.

"तुला काय कळतं बरं-वाईट? हा माझा धंदा आहे."

महिना संपत आला होता. गार चमचे आणि बटाटे करून झाले होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा तिनं चष्म्याच्या काडीचा घेतला आणि दवाखान्यात गेली.

त्या दिवसांत गावात डोळ्यांची साथ होती. ज्याचे त्याचे डोळे आलेले. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होती. माहीत नव्हती ती फक्त गावातल्या एकमेव डोळेतज्ज्ञाला, म्हणजे स्वतःला तसं म्हणवणाऱ्या भिंगरावला. साथीतले रोगी त्याच्या दुकानात येत नव्हते आणि जे दुकानात येत नाही ते जगात नसतं, अशी त्याची समजूत होती. चष्मेवाल्यानं डोळ्यांच्या साथीत बायकोला रंगीत काचा घालून दवाखान्यात पाठवायचं, हा गाढवपणा दुसऱ्या कुणाला सुचलाही नसता.

बिनखिडकीच्या खोलीत रंगीत चष्मा लावून बसलेली बाई बघून मॅनेजर दारातच थबकला.

"डोळे आलेत?"

"नाही सर."

"मग हा काळा चष्मा कशाला? काढा बघू."

काढला तर वर्तुळं दिसणार, नाही काढला तर संशय येणार. ती घुटमळली. जड फ्रेमनं नाक दुखून डोळ्यांत पाणी आलेलंच होतं. ते नेमकं काचेखालून गालावर ओघळलं. मॅनेजरनं झटकन नाकाला रुमाल लावला आणि दोन पावलं मागे सरला.

"लपवू नका हो! दवाखान्यात साथ पसरवाल! घरी जा आधी. फोनला हात लावू नका. पुसा रे तो फोन कुणीतरी!"

"सर, मला काही झालेलं नाही."

"पूर्ण बऱ्या झाल्याशिवाय यायचं नाही. आणि त्या खुर्चीचं मी बघतो काय ते."

चादरींच्या गठ्ठ्यामागून दोन बायका डोकावून बघत होत्या. ती पर्स घेऊन उठली आणि तडक नवऱ्याच्या दुकानात आली.

दुकानात एक तरुण बाई आरशासमोर बसली होती. तिच्या नाकावर जाड कडेची फ्रेम होती आणि भिंगराव मागे उभा राहून तिला खालच्या कडेचं माहात्म्य सांगत होता. बायकोनं आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घ्या ताई, घ्या," ती त्या तरुण बाईला म्हणाली. "फार गुणी फ्रेम आहे. डोळ्यांखालचं काळंही जातं आणि नोकरीही जाते."

तरुण बाईनं दोघांकडे बघितलं, फ्रेम हळूच उतरवली आणि "पुन्हा येते" म्हणून निघून गेली. पुन्हा येणारी माणसं तसं म्हणत नाहीत.

"गिऱ्हाईक घालवलंस!" भिंगराव तडकला.

"माझी खुर्ची घालवलीत त्याचं काय? डोळे आलेत म्हणून हाकलून दिलं मला. सगळ्यांसमोर फोन पुसून घेतला."

"मॅनेजर गाढव आहे."

"आणि तुम्ही?"

"फ्रेममध्ये काही दोष नाही. तू मान वाकडी करून बसली असशील."

दारात न्हावी खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. त्याच्या खुर्चीवर अर्धी दाढी झालेला माणूस तसाच फेस लावून बसलेला होता, पण हा तमाशा सोडून वस्तरा हातात घ्यायला न्हावी काही खुळा नव्हता. बायकोनं त्याच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी ताईकडे चाललेय. चार दिवस झोपून येते."

"झोपायला घर काय कमी आहे?" भिंगराव ओरडला. ती रस्त्याला लागली होती.

ती गेल्यावर भिंगरावचं काही अडलं नाही, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. चहा पांचट व्हायचा, भाजी करपायची आणि तो ती तशीच खाऊन म्हणायचा, "बरी झालीय." पण न्हावी काही त्याला सुखानं बसू देत नव्हता.

"भिंगराव, वहिनींना बोलवा हो आता. गल्ली हवालदिल झालीय."

"का? गल्लीला काय झालं?"

"वहिनी होत्या तोवर मधेमधे बंद तरी पडायचं. आता तुम्हाला कुशीवर वळवणारं कोण आहे?"

"मी घोरत नाही."

"बरोबर आहे. वस्तऱ्यालाही आपली धार कधी टोचत नाही."

शेवटी सुट्टीच्या दिवशी तो मेव्हणीच्या घरी गेला. आणायला नव्हे, "सहज आलो होतो इकडे," असं म्हणायचं त्यानं ठरवलं होतं. दार बायकोनंच उघडलं. ठरवलेलं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं, कारण त्याची नजर सवयीप्रमाणे डोळ्यांखाली गेली आणि तिथे काही सापडेना. अगदीच काही नाही असं नव्हे. तिच्या आईची असायची तशी एक फिकट सावली होती. पण ती सूज, ते जांभळट काळं, त्या वळ्या, सगळं ओसरलं होतं. बाई चारचौघींसारखी दिसत होती. भिंगरावला आनंद व्हायला हवा होता. त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं.

"काय लावलंस?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी लावलंच असणार."

आतून मेव्हणी पदराला हात पुसत आली. "काही लावलं नाही भावजी. लावायचं नव्हतंच मुळी, काढायचं होतं. तुम्हाला."

साडू खो खो हसला. मेव्हणीचा नवरा म्हणजे साडू मोठा मिश्कील माणूस होता आणि भिंगरावला मिश्कील माणसांचा राग होता. तो जेवायला बसला. जेवण पोटभर झालं. "पाच मिनिटं पाठ टेकतो," म्हणून तो बैठकीच्या खोलीत कोचावर आडवा झाला. खोलीत तेव्हा सगळे गप्पा मारत बसले होते.

जाग आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. पंखा फिरत होता, अर्धवट प्यालेले चहाचे कप तसेच पडले होते. तो उठून दार उघडून बघतो तो सगळे बाहेर जिन्यात बसलेले. मेव्हणी, साडू, समोरच्या घरातले नवरा-बायको, खालच्या मजल्यावरची एक म्हातारी. म्हातारीसाठी कुणीतरी खुर्ची आणून दिली होती. सगळ्यांच्या वर, शेवटच्या पायरीवर बायको बसली होती.

"तुम्ही सगळे इथे का बसलात?" भिंगरावनं डोळे चोळत विचारलं. "वीज गेली का?"

"वीज आहे साडूभाऊ," साडू म्हणाला. "छत राहतंय का बघत होतो."

"मेलं, मला वाटलं पाण्याचा पंप बिघडला," म्हातारी म्हणाली. "म्हणून वर आले बघायला."

सगळे हसले. समोरची बाई तर कठड्याला धरून हसली. बायको हसली नाही.

"रोज असंच असतं," ती म्हणाली. "फक्त मला जिना नसतो."

भिंगराव काहीतरी बोलणार होता. नेहमीचं वाक्य ओठांवर आलंही होतं. पण जिना माणसांनी भरलेला होता आणि एवढ्या माणसांना खोटं पाडायला मोठी छाती लागते. ती त्याच्याकडे फक्त झोपेत असायची.

"मी उद्या कामावर जातेय," बायको म्हणाली. "खुर्ची अजून कुणाला दिलेली नाही. मिळाली तर मला ती टिकवायचीय. तुम्ही दाखवून घेईपर्यंत मी इथेच राहणार."

"कुणाला दाखवू?"

"नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना. आमच्याच दवाखान्यात बसतात. मधेच श्वास थांबतो तुमचा. पुढचा येतो की नाही याची वाट बघत मी बसून राहते."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, श्वास थांबला असता तर मी मेलो नसतो का?"

"मला काही झालेलं नाही," भिंगराव म्हणाला आणि चपला घालून एकटाच परत आला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "वा! डोळे बरे झाले तुमचे. बघितलंत, मी वेळीच ओळखलं म्हणून," तो म्हणाला. मग महिनाभर बघू, चेहरा असाच ठेवा, अशी तंबी देऊन त्यानं तिला खुर्चीवर बसवलं. पुढे दवाखानाभर तो सांगत फिरला की या बाईंवर उपचार त्यानंच केला. तिला खुर्चीशी काम होतं आणि खुर्चीला पाठ होती.

भिंगराव मात्र हट्टाला पेटला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरायची लाज वाटते, तशातली गत. दुकान चालू होतं, तोंडही चालू होतं. पण दिवसा त्याचे डोळे मिटू लागले. खरं म्हणजे ते आधीपासूनच मिटत होते. दुपारच्या त्या डुलकीला तो ‘विचार करणं’ म्हणायचा. एका सद्‌गृहस्थांच्या नाकाचं माप घेता घेता त्यानं असाच विचार केला आणि त्याचं कपाळ धाडकन त्यांच्या कपाळावर आपटलं. ते गृहस्थ टेंगूळ घेऊन गेले आणि चष्मा दुसरीकडून केला.

मग एका सकाळी एक बाई आली. हडकुळी, दमलेली, डोळ्यांखाली काजळ सांडल्यासारखं. भिंगरावनं मान वर न करताच नमस्कार केला, "काय हो, झोपता की राखण करता?"

"राखणच म्हणा," बाई म्हणाली. "नवरा घोरतो."

भिंगरावचा फ्रेमकडे गेलेला हात थांबला. हे उत्तर त्याला याआधीही कित्येक जणींनी दिलं असणार. प्रश्न तो रोज विचारायचा. उत्तर ऐकायची पद्धत त्याच्या दुकानात नव्हती.

"मग त्याला डॉक्टरकडे न्या," तो म्हणाला. "इथे कशाला आलात?"

"जातोय कुठे! म्हणतो, मी घोरत नाही. घोरत असतो तर मला ऐकू आलं नसतं का म्हणतो."

"गाढव आहे!" भिंगराव म्हणाला.

तो शब्द तोंडातून गेला तो गेलाच. मग मधल्या पातळ भिंतीपलीकडून न्हावी एकदम खोकू लागला. तो खोकला नव्हता हे भिंगरावला कळलं. तो फ्रेमचा खण बंद करून पुढे आला. मग त्या बाईला "तुम्हाला चष्मा लागत नाही, जा," असं म्हणाला. हे वाक्य त्याच्या दुकानात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ती गेल्यावर त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि न्हाव्याच्या दारावरून मान खाली घालून, भराभर चालत दवाखाना गाठला.

चौकशीच्या खिडकीसमोर रांग होती. तो रांगेत उभा राहिला. काचेपलीकडे बायको पाठीच्या खुर्चीत ताठ बसली होती. बाजूच्या खिडकीतून उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि लोक तिच्याशी बोलून पुढे सरकत होते. भिंगराव पुढे पोचला.

"नाव?" तिनं विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"पेशंटनं सांगायचं असतं. मागे लोक उभे आहेत."

त्यानं नाव सांगितलं. तिनं ते नीट लिहून घेतलं.

"कुणाला दाखवायचंय?"

"नाक-कान-घसा."

"काय त्रास होतो?"

"तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून उपयोग नाही. इतकी वर्षं ठाऊकच होतं."

भिंगरावनं मागे बघितलं. एक दणकट माणूस, एक लेकुरवाळी, एक काठीवाले आजोबा. तो काचेजवळ वाकला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला," बायको म्हणाली. "काचेतून ऐकू येत नाही."

"घो..."

"काय?"

"घोरतो!" भिंगराव म्हणाला. "मी घोरतो. श्वासही थांबतो म्हणतात."

सगळ्या बाकांवरची डोकी वळली. काठीवाल्या आजोबांनी मान डोलावली. "मीही," ते म्हणाले, "पण आमच्या हिनं कधी तक्रार केली नाही."

"त्यांच्या डोळ्यांखाली बघितलंत कधी, आजोबा?" बायकोनं विचारलं.

तिनं कागद काचेखालून पुढे सरकवला. "उजवीकडचं दुसरं दार. डॉक्टर सांगतील ते ऐकून घ्या. मधे बोलू नका. श्वासाचं मशीन लावून झोपा म्हणाले तर मशीन लावून झोपा."

"आणि तू घरी कधी येणार?"

"आधी आत तर जा."

त्यानं कागद घेतला. जाता जाता त्याला कोपऱ्यात कुणावर तरी ओरडत उभा असलेला मॅनेजर दिसला. भिंगरावची मान आपोआप वळली. तो पुन्हा काचेशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "त्याच्या डोळ्यांखाली बघितलंस? नुसतं डांबर."

"पुढे व्हा," बायको म्हणाली, आणि काठीवाल्या आजोबांना तिनं जवळ बोलावलं.